दंडाच्या पैशापासून हक्काच्या निधीपर्यंत : महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाची वाटचाल

प्रभादेवी स्थानकातून बाहेर पडून सेनापती बापट मार्गाला लागले की ‘हुतात्मा बाबू गेनू मुंबई गिरणी कामगार क्रीडा भवन’ ही वास्तू दिसते. महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाचे मुख्य कार्यालय इथेच आहे. वास्तूला ज्यांचे नाव दिले ते बाबू गेनू गिरणी कामगार होते. १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवीत परदेशी कापडाने भरलेल्या ट्रकसमोर ते हुतात्मा झाले. आजूबाजूच्या गिरण्या बंद पडून बरीच वर्षे झाली, त्यांच्या जागी कार्यालये आणि उंच मनोरे उभे राहिले. परंतु गिरणगावाच्या हक्कांच्या लढ्यातून जन्मलेल्या या संस्थेचे काम आजही चालू आहे.

संस्थेचा इतिहास लिहिताना इमारती, उद्घाटने आणि पदाधिकाऱ्यांची यादी देण्याची प्रथा आहे. या मंडळाच्या बाबतीत तेवढ्याने भागणार नाही. मंडळाचा खरा इतिहास एका प्रश्नाचा आहे : कामगाराच्या कल्याणासाठी आणि शिक्षणासाठी लागणारा पैसा कोणी द्यायचा, आणि एकदा जमा झाल्यावर तो कोणाचा मानायचा? या प्रश्नावर कायदा झाला, खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, कायदा पुन्हा दुरुस्त झाला. आज बांधकाम आणि अभियांत्रिकी क्षेत्रातल्या कामगारांच्या बाबतीत हाच प्रश्न नव्याने समोर आहे. म्हणून ही हकीकत मुळापासून सांगणे गरजेचे वाटते.

दंड, खाडा आणि न उचललेला पगार

मुंबईची पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांच्या पुढाकाराने १८५४ साली ताडदेवला स्थापन झाली आणि १८५६ मध्ये सुरू झाली. पुढच्या काही दशकांत परळ, लालबाग, भायखळा, वरळी हा सारा भाग गिरण्यांच्या भोंग्यावर उठू-बसू लागला. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या माणसांनी चाळी भरल्या. या कामगारांची पहिली संघटित मागणी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मांडली. आठवड्याची एक सुट्टी, दुपारची विश्रांती, कामावर जखमी झालेल्यास भरपाई यांच्या जोडीला त्या निवेदनात आणखी एक साधी मागणी होती : पगार वेळेवर मिळावा. रविवारची सुट्टी १८९० मध्ये मिळाली. पगाराचा प्रश्न मात्र पुढे अनेक वर्षे रेंगाळला.

पगार महिना संपल्यावर बऱ्याच दिवसांनी हाती पडे. त्यामुळे कामगाराचे काही दिवसांचे पैसे नेहमीच गिरणीकडे अडकलेले असत. त्यातून दंड कापले जात. उशिरा आल्याबद्दल दंड, कामात चूक झाली म्हणून दंड. कापडात दोष निघाला तर ते कापड विणकराच्याच माथी मारून त्याची किंमत पगारातून वळती केली जाई. एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांचा पगार कापण्याची ‘दुहेरी खाडा’ पद्धतही गिरण्यांत होती. गावी शेतीची कामे निघाली, घरात आजारपण आले किंवा जॉबरशी, म्हणजे मुकादमाशी, बिनसले की कामगार निघून जाई. परत आला तरी दुसऱ्या गिरणीत बदली म्हणून लागे, आणि आधीच्या गिरणीत त्याचा पगार तसाच पडून राही. एकेकाची रक्कम लहान होती. परंतु हजारो कामगारांची आणि अनेक वर्षांची बेरीज केली तर गिरण्यांच्या वह्यांत मोठी रक्कम जमा झालेली असे.

१९२९ साली नेमलेल्या रॉयल कमिशनने, म्हणजेच व्हिटली आयोगाने, या कपातींची दखल घेतली. कामगार पुढारी ना. म. जोशी या आयोगाचे सदस्य होते. आयोगाचा अहवाल १९३१ मध्ये आला आणि त्यानंतर १९३६ चा वेतन प्रदान कायदा झाला. या कायद्याने दंडाला मर्यादा घातली : पगाराच्या एका रुपयामागे अर्ध्या आण्याहून अधिक दंड करता येणार नाही. त्याहूनही महत्त्वाची तरतूद अशी की दंडाची रक्कम मालकाने स्वतःच्या नफ्यात जमा करायची नाही. तिची वेगळी नोंद ठेवायची आणि ती कामगारांच्या हिताच्या, शासनाच्या अधिकाऱ्याने मान्य केलेल्या कामांवरच खर्च करायची. कामगाराकडून कापलेला पैसा कामगाराच्याच उपयोगी पडला पाहिजे हे तत्त्व अशा रीतीने कायद्यात आले. मंडळाच्या जन्माआधीचा हा सर्वांत महत्त्वाचा टप्पा मानावा लागेल.

मंडळाआधीचे काम

कायद्याची वाट न पाहता काम करणारी माणसे आणि संस्था या भागात होत्या, त्यांचे ऋण इथे नोंदवले पाहिजे. ना. म. जोशी यांनी १९११ साली सोशल सर्व्हिस लीगची स्थापना केली. रात्रशाळा, वाचनालये आणि कामगारांसाठी तांत्रिक शिक्षणाचे वर्ग हे लीगचे काम. परळचा दामोदर हॉल ही तिचीच देणगी. गिरणीतून सुटलेला कामगार संध्याकाळी तिथे वर्गात बसे, आणि नाटकाच्या तालमीलाही जाई.

तांत्रिक शिक्षणाची दुसरी वाट भायखळ्याला होती. १८८७ मध्ये स्थापन झालेली व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट, म्हणजे आजची माटुंग्याची वीरमाता जिजाबाई तंत्रज्ञान संस्था. तिच्या उभारणीत सर दिनशा पेटिट यांच्यासारख्या गिरणीमालकांची देणगी होती. गिरण्यांना आणि कारखान्यांना जाणकार माणसे हवी होती, म्हणून मालकांनी स्वखुशीने पैसे दिले. या संस्थेने मुंबईला पिढ्यान् पिढ्या अभियंते आणि तंत्रज्ञ दिले. १९२३ मध्ये ती माटुंग्याला गेली. तिचा गौरव करतानाही एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. देणगी देणाऱ्याच्या इच्छेवर उभे राहिलेले शिक्षण देणगीदाराला ज्या माणसांची गरज वाटते त्यांच्यापर्यंत पोचते. साच्यावर उभा असलेला बदली कामगार, त्याची बायको, त्याची शाळा सुटलेली मुलगी यांच्यासाठी पैसे देण्याचे कारण कोणा एका मालकाला सहसा नसते.

१९३७ मध्ये बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ मुंबई प्रांतात आले. त्या काळात सरकारने कामगार वस्त्यांत स्वतःची कल्याण केंद्रे उघडायला सुरुवात केली. वाचनालय, व्यायामशाळा, बालवर्ग, स्त्रियांसाठी शिवणकाम, मैदानी खेळ असे या केंद्रांचे स्वरूप होते. ही केंद्रे सरकारी तिजोरीवर चालत. ज्या वर्षी तरतूद अधिक, त्या वर्षी काम अधिक, आणि तरतूद आटली की कामही आटे. केंद्रांना स्वतःचे, कायम आणि कायद्याने मिळणारे उत्पन्न हवे, ही गरज पुढच्या दशकभरात स्पष्ट होत गेली.

१९५३ चा कायदा

मुंबई राज्याच्या विधिमंडळाने १९५३ साली मुंबई कामगार कल्याण निधी अधिनियम संमत केला. तो त्या वर्षाचा चाळिसावा कायदा. अलीकडे त्याच्या नावात ‘मुंबई’च्या जागी ‘महाराष्ट्र’ आले. या कायद्याने एक निधी निर्माण केला आणि तो सांभाळण्यासाठी मंडळ स्थापन केले. मंडळावर मालकांचे आणि कामगारांचे प्रतिनिधी समान संख्येने, आणि त्यांच्या जोडीला शासनाने नेमलेले स्वतंत्र सदस्य. दैनंदिन कारभारासाठी कल्याण आयुक्त. सरकारची केंद्रे या मंडळाकडे आली.

निधी कशावर खर्च करायचा हे कायद्याच्या सातव्या कलमात सांगितले आहे. सामाजिक शिक्षणाची केंद्रे, वाचनालये आणि ग्रंथालये, खेळ, सहली आणि विश्रांतिगृहे, करमणूक, आणि कामगारांचे राहणीमान सुधारेल अशी इतर कामे. याच यादीत एक ओळ आहे जिच्याकडे इतिहासलेखकाने थांबून पाहिले पाहिजे : स्त्रियांसाठी व बेकारांसाठी घरगुती उद्योग आणि पूरक धंदे. कायदा गिरणी, कारखाना आणि दुकान यांतल्या कामगारासाठी होता. तरीही तो कामगाराच्या घरापर्यंत गेला आणि ज्याच्या हाताला काम नाही त्यालाही त्याने आपल्या कक्षेत घेतले. मंडळाने कौशल्यशिक्षणाचे जे काम पुढे उभे केले त्याचा आधार ही ओळ आहे.

निधीत पैसा कुठून येणार? पहिल्या कायद्यात त्याचे दोन मुख्य ओघ होते. एक, कामगारांकडून वसूल झालेले दंड. दुसरा, तीन वर्षे कोणी न उचललेला पगार. दंडाबाबत १९३६ च्या कायद्याने वाट करून ठेवली होती. न उचललेल्या पगाराबाबत मात्र वाद होणार हे उघड होते, आणि तो झाला.

सर्वोच्च न्यायालयातला खटला

कल्याण आयुक्तांनी बॉम्बे डाइंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनीला नोटीस देऊन दंड आणि न उचललेला पगार मंडळाकडे भरायला सांगितले. १८७९ साली स्थापन झालेली ही कंपनी म्हणजे गिरणगावातले मोठे नाव. कंपनीने कायद्यालाच आव्हान दिले. मुंबई उच्च न्यायालयात तिला यश आले नाही, म्हणून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. निकाल २० डिसेंबर १९५७ रोजी लागला. दंडाची रक्कम निधीत घेण्याची तरतूद न्यायालयाने कायम केली, परंतु न उचललेल्या पगाराबाबतच्या तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या.

निकालामागचे तर्क समजून घेण्याजोगे आहेत. न उचललेला पगार म्हणजे कामगाराचे मालकाकडे असलेले येणे. दाव्याची मुदत संपली की कामगाराला कोर्टात जाता येत नाही, पण म्हणून ते येणे नाहीसे होत नाही. बेवारस मालमत्ता सरकारने ताब्यात घ्यायची तर आधी खऱ्या धन्याचा शोध घ्यावा लागतो, नोटीस द्यावी लागते, त्याला आपला हक्क सिद्ध करण्याची संधी द्यावी लागते. १९५३ च्या कायद्यात ही व्यवस्था नव्हती.

मंडळाच्या उत्पन्नाचा एक मोठा आधार या निकालाने गेला. पण दूरच्या दृष्टीने पाहिले तर त्याने मंडळाला एक चांगली शिकवणही दिली : निधीत येणाऱ्या प्रत्येक रुपयामागे एक माणूस आहे, आणि त्या माणसाचा शोध घेतल्याशिवाय तो रुपया सार्वजनिक होत नाही. कायद्याची दुरुस्ती याच दिशेने झाली. न उचललेली रक्कम मंडळाकडे आल्यावर कारखान्याच्या सूचनाफलकावर आणि वृत्तपत्रांत नोटीस द्यायची, हक्क सांगणाऱ्याचा दावा ऐकायचा, दावा खरा असेल तर पैसे परत करायचे, आणि मालकाने रक्कम भरली की तेवढ्यापुरता तो जबाबदारीतून मुक्त, अशी रचना आली. १९६० मध्ये राज्याची विभागणी झाल्यावर गुजरातनेही हाच कायदा १९६१ मध्ये दुरुस्त करून घेतला. त्या दुरुस्तीला अंबिका मिल्सने आव्हान दिले, आणि १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. मुंबईच्या गिरणगावात सुरू झालेला वाद अशा रीतीने भारतीय घटनात्मक कायद्याच्या अभ्यासक्रमात जाऊन बसला. आजही कायद्याचे विद्यार्थी हे दोन्ही निकाल वाचतात.

वर्गणी : कामगार, मालक आणि शासन

दंड आणि पडून राहिलेला पगार यांवर कल्याणाची संस्था फार काळ चालू शकत नव्हती. दंड कमी झाले तर ते चांगलेच, आणि पगार वेळच्या वेळी मिळू लागला तर त्याहून चांगले. कामगाराचे दुःख कमी झाल्यावर ज्या निधीची आवक आटते त्या निधीला दुसरा पाया हवाच होता. तो नियमित वर्गणीने मिळाला. कामगाराने एक वाटा द्यायचा, मालकाने त्याच्या तिप्पट द्यायचा, आणि शासनाने आपली भर घालायची. वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबरच्या पगारातून कामगाराची वर्गणी कापली जाते आणि मालक ती स्वतःच्या वाट्यासह मंडळाकडे भरतो.

रक्कम पाहिली तर अगदी लहान आहे. कित्येक वर्षे कामगाराचे सहामाही १२ रुपये आणि मालकाचे ३६ रुपये असा दर होता. २०२४ मध्ये तो वाढून कामगाराचे २५ आणि मालकाचे ७५ रुपये झाला. म्हणजे एका कामगारामागे दोघांचे मिळून वर्षाला २०० रुपये. एका चित्रपटाला दोघे गेले तरी यापेक्षा जास्त खर्च होतो. तरीही पाच किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या दुकानांपासून मोठ्या कंपन्यांपर्यंत सगळीकडून ती गोळा होते, म्हणून तिच्यातून राज्यभर केंद्रे चालतात.

या रचनेतली एक बाब मला विशेष मोलाची वाटते. कामगाराने स्वतः पैसे भरलेले असतात. त्यामुळे केंद्राची पायरी चढताना त्याला कोणाच्या उपकाराखाली वाकावे लागत नाही. मालकाचा वाटाही कायद्याने ठरलेला आहे, त्याच्या मर्जीवर अवलंबून नाही. मंडळाच्या प्रत्येक केंद्रावर येणाऱ्या माणसाला हे ठाऊक असायला हवे.

केंद्रांतले शिक्षण

मंडळ म्हटले की गिरणगावातल्या जुन्या माणसांना प्रथम नाट्यस्पर्धा आठवते. त्यात काही वावगे नाही. कामगार नाट्यस्पर्धा, भजन, समरगीते, कबड्डी, कुस्ती यांनी हजारो कामगारांना रंगमंच आणि मैदान मिळवून दिले. पाळी संपवून तालमीला जाणाऱ्या माणसाला मंडळाने कलावंत म्हणून ओळख दिली. गुणवंत कामगार कल्याण पुरस्काराने यंत्रावर काम करणाऱ्या माणसाचा जाहीर सत्कार होऊ लागला. या कामाचे महत्त्व मी कमी लेखत नाही.

पण घरांवर सर्वांत खोल ठसा उमटवला तो केंद्रांतल्या वर्गांनी, असे माझे मत आहे. शिवणवर्ग हे त्याचे ठळक उदाहरण. माप घेणे, कापड बेतणे, कटिंग, काज-बटण, ब्लाउज, पोलका, मुलांचे गणवेश या क्रमाने शिकलेली बाई चाळीच्या गॅलरीत यंत्र मांडून बसली की घरात दुसरे उत्पन्न सुरू होई. दहा बाय बाराच्या खोलीत गिऱ्हाईक येत, माप देत, आठवड्याने कपडे नेत. लालबाग-परळच्या अर्थव्यवहारात स्त्रियांची ही कमाई नेहमी होती. खानावळ चालवणाऱ्या बायकांना संघटित करण्यासाठी प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभारले, तेही याच वस्तीत. शिवणयंत्र आणि खानावळ यांच्या बळावर कित्येक कुटुंबांनी वाईट दिवस काढले.

शिवणाच्या जोडीला शिशुमंदिरे, अभ्यासिका, ग्रंथालये, मुलांसाठी शिष्यवृत्त्या आणि पुस्तकांसाठी मदत, पुढे संगणकाच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमासाठी अर्थसाहाय्य, असे या कामाचे क्षेत्र वाढत गेले. चाळीत दिव्याखाली जागा नसलेल्या मुलाला अभ्यासिकेतली खुर्ची मिळणे ही किती मोठी गोष्ट आहे हे तिथे बसून बोर्डाची परीक्षा दिलेल्या कोणालाही विचारावे.

याच काळात राज्य आणि केंद्र सरकारनेही व्यवसायशिक्षणाची स्वतंत्र व्यवस्था उभी केली. आयटीआयमधून फिटर, वेल्डर, वायरमन, टर्नर तयार होऊ लागले. दादरला आणि लोअर परळला अशा शासकीय संस्था आहेत. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने मालकांवर उमेदवार घेण्याचे बंधन घातले. अलीकडच्या नियमांनुसार ३० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेने एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के उमेदवार घ्यायचे आहेत. या कायद्यात मालकाने जागा द्यायची आहे, सामाईक निधीत पैसा द्यायचा नाही. हा फरक पुढच्या चर्चेसाठी महत्त्वाचा आहे.

संप आणि बदललेले गिरणगाव

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. संपाचा रीतसर शेवट झालाच नाही. गिरण्या एकामागून एक बंद होत गेल्या आणि नव्वदच्या दशकापासून त्यांच्या जमिनी विकसित होऊ लागल्या. मंडळाच्या दृष्टीने हा मोठा बदल होता. ज्या कामगारासाठी निधी निर्माण झाला तो कामगारच नाहीसा होत होता. साचाखात्याच्या जागी संगणकांच्या ओळी आल्या, आणि वर्गणी आता बँका, कॉल सेंटर, मॉल, सुरक्षारक्षकांच्या एजन्सी यांच्याकडून येऊ लागली.

मंडळ या बदलातून तरले, याचे कारण कायद्याची रचना. वर्गणी एका धंद्याशी बांधलेली नव्हती. गिरणी गेली तरी आस्थापना राहिली आणि तिथला कामगार राहिला. पण एक उणीवही याच काळात उघडी पडली. ज्यांची नोकरी गेली त्यांना नव्या धंद्याचे शिक्षण देण्याची गरज सर्वांत मोठी होती, आणि कायद्यातली ‘बेकारांसाठी पूरक धंदे’ ही ओळ त्या प्रमाणात वापरली गेली नाही. पन्नाशीतल्या विणकराला दुसरे कौशल्य शिकवायला शिवणवर्गापेक्षा मोठी यंत्रणा आणि निधी हवा होता. या अनुभवाची नोंद इथे राहिली पाहिजे, कारण पुढच्या कामगारांसाठी तिचा उपयोग आहे.

बांधकामाचा दुसरा निधी

आज गिरणगावात जो कामगार सर्वाधिक दिसतो तो बांधकामावरचा. बीडीडी चाळींच्या पुनर्विकासावर, गिरण्यांच्या जागेवरच्या मनोऱ्यांवर, गिरगाव आणि काळबादेवीखालून गेलेल्या भुयारी मेट्रोवर त्याचे हात राबले. सेंटरिंगवाला, सळई बांधणारा, गवंडी, वेल्डर, फॅब्रिकेटर, जड तुकडे साखळ्यांवर उचलून जागेवर बसवणारा खलाशी. हे काम कौशल्याचे आणि जोखमीचे आहे. वेल्डरचा एक कच्चा सांधा किंवा खलाशाची एक चुकलेली गाठ म्हणजे जिवाशी गाठ.

असा कारागीर तयार कोण करणार? प्रकल्प दोन-तीन वर्षांचा, ठेकेदाराखाली ठेकेदार, कामगार आज परळला आणि पुढच्या पावसाळ्यानंतर सुरतला. एका ठेकेदाराने पैसे घालून वेल्डर शिकवला तर त्याचा फायदा दुसराच घेणार, म्हणून कोणीच शिकवत नाही. गिरणीतल्या बदली कामगाराचा पगार जसा कोणाच्याच खात्यावर नसल्याने पडून राही, तसेच इथे कौशल्याचे होते. मालक आणि कामगार यांची गाठ जिथे तात्पुरती असते तिथे सामाईक निधीशिवाय मार्ग नसतो.

इतर देशांनी हे ओळखले आहे. फ्रान्सने १९२५ मध्ये उमेदवारीच्या शिक्षणासाठी मालकांवर कर बसवला. ब्रिटनने १९६४ च्या औद्योगिक प्रशिक्षण कायद्याने उद्योगवार वैधानिक मंडळे नेमली. मंडळाने मालकांकडून आकारणी गोळा करायची आणि जो मालक माणसे शिकवतो त्याला त्यातून अनुदान द्यायचे, अशी ती पद्धत. कालांतराने बहुतेक उद्योगांतली मंडळे बंद झाली, पण बांधकामाचे मंडळ टिकले, आणि तेलशुद्धीकरण कारखाने, वीजकेंद्रे अशा अभियांत्रिकी बांधकामासाठी १९९१ पासून वेगळे मंडळ काम करते. जिथे कामगार एका मालकाकडे टिकत नाही तिथेच आकारणी टिकली, ही बाब विचार करण्यासारखी आहे. सिंगापूरनेही १९७९ पासून मालकांकडून कौशल्यविकासाची आकारणी घेतली.

महाराष्ट्राला ही कल्पना परकी नाही. १९६९ च्या माथाडी कायद्याने अण्णासाहेब पाटील यांच्या लढ्याला यश आले, आणि बाजारपेठांतल्या हमालांसाठी मालकांकडून लेव्ही घेणारी त्रिपक्षीय मंडळे उभी राहिली. बांधकामासाठी केंद्राने १९९६ मध्ये दोन कायदे केले. त्यांनुसार बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर घेतला जाऊ लागला. त्यात जमिनीची किंमत धरत नाहीत. शंभर कोटींच्या बांधकामावर एक कोटी रुपये कामगारांच्या निधीत येतात. महाराष्ट्राने २००७ मध्ये नियम केले आणि २०११ मध्ये महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ कामाला लागले. १८ ते ६० वयाचा आणि मागच्या वर्षभरात ९० दिवस काम केलेला कामगार त्यात नोंदणी करू शकतो. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही उपकराचा दर एक ते दोन टक्क्यांच्या दरम्यान ठेवला आहे.

म्हणजे आपल्या मंडळात कामगारामागे वर्षाला २०० रुपये, आणि बांधकामाच्या मंडळात खर्चाचा शंभरावा हिस्सा. दुसऱ्या निधीचा आकार पहिल्याच्या कितीतरी पट. पण १९ मार्च २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने देशभरातल्या राज्यांना स्पष्ट शब्दांत सांगितले की उपकराचा पैसा गोळा होऊनही कामगारापर्यंत पोचत नाही. कामगाराच्या नावाने जमलेला पैसा कामगाराला न शोधता पडून राहणे, हे १९५७ सालचेच दुखणे पुन्हा उद्भवले आहे.

पुढची वाट

मंडळाच्या इतिहासातून जे हाती येते ते असे. वैधानिक आकारणी ही कामगाराची मालमत्ता आहे, मालक आणि शासन तिचे विश्वस्त आहेत. विश्वस्ताची पहिली जबाबदारी धन्याला शोधण्याची, आणि दुसरी, त्या पैशातून असे काही देण्याची जे तो पुढच्या कामावर सोबत नेऊ शकेल. भांडी, पेटी, रोख मदत यांची गरज असते, ती नाकारू नये. पण वेल्डिंगचे प्रमाणपत्र, सुरक्षित उंचीवर काम करण्याचे शिक्षण, नकाशा वाचण्याची समज ही कामगारासोबत सुरतेला आणि हैदराबादला जाते आणि त्याची मजुरी वाढवते.

म्हणून शेवटी तीन विनंत्या. शासनाला : उपकराच्या निधीतला ठरावीक वाटा फक्त प्रशिक्षणासाठी राखून ठेवावा, आणि कामगार कल्याण केंद्रांच्या वास्तू संध्याकाळी बांधकाम कामगारांच्या वर्गांसाठी खुल्या कराव्यात. त्या कामगार वस्तीतच आहेत आणि वर्ग चालवण्याचा अनुभव तिथे सत्तर वर्षांचा आहे. मालकांना : जून आणि डिसेंबरची वर्गणी वेळेवर भरावी, आणि ती भरल्याचे आपल्या कामगारांना सांगावे. कामगारांना : पगाराच्या चिठ्ठीवर २५ रुपयांची कपात दिसली तर तिच्यापाशी थांबावे. तो तुमचा पैसा आहे, त्याच्या तिप्पट मालकाने तुमच्यासाठी भरलेले आहेत. जवळच्या केंद्रात जाऊन आपल्या मुलीचे नाव वर्गात घालावे, अभ्यासिकेची जागा मागावी, शिष्यवृत्तीचा अर्ज भरावा. आणि बांधकामावर काम करणारा कोणी ओळखीचा असेल तर त्याची नोंदणी करून द्यावी. हक्क सांगणारा माणूस पुढे आला तरच हा निधी ज्याच्यासाठी आहे त्याच्यापर्यंत पोचेल.